गाडी 'लेमन' आहे म्हणजे नक्की काय?

मालाडचा_निशाचर: मी मालाडला सपोर्टला आहे, नाईट शिफ्ट, सगळे कस्टमर अमेरिकन. काल एक बाई जाम तापलेल्या, ब्रेकचं काम दोनदा करून झालं तरी तेच, तुम्ही मला लेमन विकलीत म्हणून. टीम लीड म्हणतो तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, डिफेक्टिव्ह टाक आणि मोकळा हो. पण फॉल्टी, डिफेक्टिव्ह, डड, लेमन सगळं एकच का? आणि वॉशिंग मशीनला लेमन चालतं का?

गिरगावची_मीनल: एकच कसं असेल. फॉल्टी म्हणजे काहीतरी बिघडलंय, स्विच बदलला की विषय संपला. डिफेक्टिव्ह हा कागदावरचा शब्द, वॉरंटी, रिटर्न, रिकॉल वगैरे. डड म्हणजे आपला फुसका बार, न फुटलेल्या बॉम्बलाही डडच म्हणतात, आणि इंग्लंडात न वटणाऱ्या चेकलाही. लेमनची गोष्ट वेगळी, दिसायला चकाचक, घेऊन आल्यावर कळतं की पीसच खराब लागलाय, गॅरेजमधून आणली की आठ दिवस बरी आणि पुन्हा रडगाणं सुरू. पाच वर्षं मस्त पळून क्लच गेला तर ती लेमन नाही हं, ती म्हातारी झाली! गाडी लेमन होत नाही, लेमन निघते. मशीनलाही म्हणतात, पण जास्त करून गाडीलाच.

कोर्टाची_पायरी: नुसतं डिफेक्टिव्ह टाकून मोकळे होऊ नका, तिकडे लेमन लॉ नावाचे कायदेच आहेत. पहिला कनेक्टिकटमध्ये १९८२ साली आला, आता सगळ्या राज्यांत आहेत पण नियम वेगवेगळे. कॅलिफोर्नियात १८ महिने किंवा १८,००० मैलांच्या आत एकाच दोषासाठी चारदा दुरुस्ती झाली, किंवा जिवावर बेतेल असा दोष असेल तर दोनदाच, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त गॅरेजात पडून राहिली, तर गाडी लेमन धरता येते आणि कंपनीला बदलून द्यावी लागते नाहीतर पैसे परत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी असे दोन शब्द आहेत, तक्रार त्यावरच चालते.

सेकंडहँड_भाऊ: यावर नोबेल मिळालंय राव 😄 अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ, १९७० चा पेपर, नावातच लेमन्स, नोबेल २००१ मध्ये. मुद्दा साधा आहे, गाडीत काय लफडं आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो, मग चांगली गाडीवाला म्हणतो एवढ्यात कशाला विकू, आणि बाजारात उरतात लिंबंच. आपल्याकडे 'सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी' जाहिरात बघून भुलणाऱ्यांनी हे वाचावं. २६ जुलैनंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या पॉलिश मारून विकल्या जायच्या, तेव्हापासून मी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघतो. वरचा भाग पुसतात सगळे, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ तशीच असते.

मालाडचा_निशाचर: बाई कॅलिफोर्नियाच्याच निघाल्या, सॅन होजे. दोन्ही वेळच्या तारखा टाकून तिकीट वर ढकललंय. लीड विचारतोय एवढं सगळं कशाला लिहिलंस 🙄