बालमेळावा: प्ले-एरिया, पूल आणि एचएफएमडी

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
शनिवारचा बालमेळावा ठरल्याप्रमाणे आहे. आधी प्ले-एरिया, मग मुलांचा पूल. आपल्यातल्या दोन घरांत मुलांना एचएफएमडी (हात, पाय आणि तोंडात फोड येणारा संसर्गजन्य आजार) झाल्याचं कळलंय. म्हणून सगळ्या दारांशी सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवतोय. आणखी काही करायला हवं का?

प्रेषक: सदस्या (बालरोगतज्ज्ञ)

सचिवताई, बाटल्या ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. एचएफएमडी होतो कॉक्सॅकी आणि त्याच्या भाऊबंद एन्टेरोव्हायरसमुळे. या विषाणूंना मेदाचं आवरण नसतं आणि अल्कोहोलचा जोर मुख्यतः त्या आवरणावरच चालतो. फ्लूच्या विषाणूवर सॅनिटायझर छान काम करतं, यांच्यावर तितकंसं नाही. उलट्या-जुलाबवाल्या नोरोव्हायरसचंही तसंच. साबण लावून २० सेकंद हात चोळले आणि वाहत्या पाण्याखाली धुतले, की विषाणू हातावरून वाहून जातो. प्ले-एरियातून बाहेर पडताना, शू-शी झाल्यावर आणि खाण्याआधी मुलांना बेसिनपाशी न्यायला दोन मोठी माणसं नेमा. डायपर बदलणाऱ्या आई-बाबांनी स्वतःचे हात धुवायला विसरू नये. घाईत नेमकं तेच राहतं.

ज्या मुलाला ताप आहे, तोंडातल्या फोडांमुळे लाळ गळतेय किंवा अंगावरचे फोड अजून ओले आहेत, त्याने येऊ नये. मात्र बरं झालेल्या मुलाच्या शौचातून हा विषाणू पुढे कित्येक आठवडे जात राहतो. तेवढे दिवस कुणाला घरी बसवता येत नाही आणि बसवूही नये. शिवाय लक्षणं नसलेली मोठी माणसंही तो पसरवू शकतात. म्हणून 'कुणाच्या घरात होतं' याची चौकशी करत बसण्यात अर्थ नाही.

आणि थोडं स्पष्ट बोलते. मला प्ले-एरियातल्या बॉल पिटपेक्षा (प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद) जास्त भीती वाटते ती सकाळी तापाचं औषध पाजून आणलेल्या मुलाची. पैसे भरलेत, मूल आठवडाभर वाट बघतंय, औषधाने ताप उतरलाय, मग आणतात. आयत्या वेळी रद्द केलं तरी पूर्ण पैसे परत मिळतील आणि कारण विचारलं जाणार नाही, असं आजच जाहीर करा. याचा उपयोग बाटल्यांपेक्षा जास्त होईल.

प्रेषक: एक बाबा

मग पूल रद्दच करा ना! इतकी मुलं एका पाण्यात म्हणजे रोगाला आमंत्रणच. आणि आमच्या धाकट्याच्या पाठीवर मोलस्कमचे (त्वचेच्या एका विषाणूजन्य आजाराचे) दाणे आहेत. त्याला आणायचं की नाही?

प्रेषक: सदस्य (बरीच वर्षं पूल सांभाळले)

अहो, पाण्याला घाबरू नका, त्यातल्या क्लोरीनची चौकशी करा. मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आणि पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ७.० ते ७.८ हवा. पीएच याहून चढला की क्लोरीन असूनही बोथट होतं. तेवढं सांभाळलं तर बहुतेक विषाणू काही मिनिटांत निकामी होतात. घसा दुखून डोळे लाल करणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या साथी तलावांतून पसरल्या आहेत, पण त्यांत पुन्हा पुन्हा क्लोरीन कमी पडल्याचंच आढळलंय.

खरी काळजी उथळ पूलची. पाणी थोडं, कोमट, त्यात डायपरवाली चिल्लीपिल्ली आणि वर ऊन असेल तर क्लोरीन बघता बघता संपतं. ते किती वेळाने तपासतात आणि शेवटची नोंद काय, हे पूलवाल्यांना विचारा. नीट चालवणारा माणूस लगेच वही दाखवतो. चाचणीच्या पट्ट्या मीही आणेन. नाकात जाणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर, असं समजू नका. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास येतो, म्हणजे कामाचं क्लोरीन तिथेच खर्ची पडलेलं असतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर घ्यायचा आणि दर तासाला मुलांना शू करायला बाहेर काढायचं. पोहायच्या डायपरने जुलाब अडत नाहीत. ज्याला जुलाब होताहेत त्याने पाण्यात उतरायचंच नाही. आणि पाणी गिळायचं नाही हे मुलांना घरूनच बजावून आणा. तिथे आमचं कोण ऐकतंय!

प्रेषक: सदस्या (बालरोगतज्ज्ञ)

मोलस्कमवाल्याला जरूर आणा. ते दाणे जायला सहा महिने, वर्षसुद्धा लागतं. दाणे पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका. टॉवेल आणि तरंगायच्या पाट्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. तो थेट त्वचेच्या स्पर्शातून पसरतो, तसाच अशा वस्तूंतूनही.

एक राहिलंच. गोवरापुढे साबण आणि क्लोरीन दोन्ही निरुपयोगी. रोगी निघून गेल्यावरही त्याचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो आणि पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून लागण होऊ शकते. तिथे लसच कामाची. मुलांची लसीकरणाची कार्डं एकदा काढून बघा.

प्रेषक: सचिव

मंडळी, पूल रद्द नाही. शनिवारी सकाळपर्यंत कळवलंत तर पूर्ण पैसे परत, कारण सांगायची गरज नाही. पूलवाल्यांना आज फोन करून नोंदी विचारते. टॉवेल प्रत्येकाने स्वतःचा आणायचा. प्ले-एरियाच्या बेसिनपाशी साबण असतोच असं नाही, म्हणून पंपाच्या चार बाटल्या आपणच नेऊ. बेसिनपाशी उभं राहायला एक काका तयार आहेत, दुसरं कोण?