केळ्याच्या सालींचं पाणी घालूनही टोमॅटोची पानं पिवळी, काय चुकतंय?

प्रश्न
मंडळी, कुंडीत टोमॅटोची तीन रोपं आहेत, दीडेक महिन्याची. घरच्याच वस्तूंचं खत द्यायचं म्हणून केळ्याच्या साली तीन दिवस भिजवून ते पाणी दर आठवड्याला घालतेय, अंड्याची टरफलं पण चुरून मातीवर टाकलीयेत, तरी खालची पानं पिवळी पडत चाललीयेत आणि आता मातीवर बारीक चिलटं घोंघावतायत. पाणी अजून दाट करू का?

उत्तर १
दाट नका करू प्लीज. खालची जुनी पानं आधी पिवळी पडतायत म्हणजे बहुतेक नायट्रोजन कमी पडतोय, झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं म्हणून सुरुवात खालून होते. सालींत मुख्यतः पोटॅशियम, नायट्रोजन अगदीच थोडा. एकदा पान उजेडात धरून बघा, शिरा हिरव्या आणि मधला भागच पिवळा असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. चिलटं आंबलेल्या पाण्यामुळे आणि सतत ओल्या मातीमुळे होतात. पाणी जास्त झालं तरी पानं पिवळी पडतात हं, त्यामुळे वरची माती दोन पेरं सुकल्याशिवाय पाणी नको.

उत्तर २
टरफलांबद्दल सांगते. मी वर्षभर अशीच चुरून टाकत होते, कुंडी बदलताना बघितलं तर तुकडे जसेच्या तसे! ते कॅल्शियम कार्बोनेट, साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. धुवून, वाळवून मिक्सरमधून पिठासारखी बारीक करा आणि मातीत मिसळा, तरी वेळ लागतोच. आणि पुढे टोमॅटोच्या बुडाला काळा डाग दिसला तर लगेच टरफलं वाढवू नका, बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतं पण पाणी कधी जास्त कधी कमी झाल्याने फळापर्यंत पोचत नाही.

प्रश्नकर्ती
शिरांसकट अख्खं पान पिवळं आहे. मग आता देऊ काय? आणि साली रोज निघतात त्यांचं काय करू?

उत्तर १
मग बहुतेक नायट्रोजनच. आधी माती सुकू द्या, मग वरचा थर हलका उकरून प्रत्येक कुंडीत दोन मुठी चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा. साली बारीक चिरून सुक्या पानांसोबत कंपोस्टच्या डब्यात टाका, तिथे त्या पूर्ण कुजतात आणि त्यातलं बरंचसं पोषण कंपोस्टमधून झाडाला मिळतं. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, तिकडे बघून घाबरू नका, शेंड्याची नवीन पानं कशी येतायत ते बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी इथे नक्की कळवा.