लेआउट ग्रुप: मॅडमनं विचारलं इंग्रजीचं, निघालं बोअरचं

शनिवार, रात्री 9 नंतर

वानखडे मॅडम (प्लॉट 14): नमस्कार. गुरुवारी मी एक साधी गोष्ट विचारली होती. पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवायला नेटवर काही कामाचं असेल तर सांगा. आज बसून मोजलं. 43 लिंका आल्या. 11 उघडत नाहीत, 9 आधी पैसे मागतात आणि एक लग्नाचा बायोडाटा आहे. पाठवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः उघडून पाहिलं होतं काय, एवढंच सांगा.

गजू किराणा: बायोडाटा माह्या साळ्याचा हाय मॅडम, चुकून गेला. पण पोट्टा चांगला हाय. आयटीआय केलं हाय.

प्रतीक (पुणे): मॅडम, त्यातल्या 17 माझ्या होत्या. सगळ्या फ्री आहेत. तुम्ही थोडं शोधलं असतं तर त्यात सगळंच होतं.

वानखडे मॅडम: बाळा, सगळंच होतं हाच तर त्रास आहे. दोन शिक्षकांची शाळा, पाच वर्ग. तिसरी, चौथी, पाचवी माझ्याकडे एकाच खोलीत. गावात रेंज येते ती मारुतीच्या पाराजवळ. तिथं 22 पोरं घेऊन बसू का?

इंगोले सर (निवृत्त): इंग्रजीचा पाया म्हणजे व्याकरण. 12 काळांचा तक्ता रोज सकाळी 10 वेळा लिहून घ्यावा. सोबत तक्ता जोडत आहे. 🙏

गजू किराणा: आला तक्ता.

ढोले भाऊ (कॅशियर): विषय चालू हाय म्हणून मधातच सांगतो. बोअरची मोटर जळाली होती, रिवाइंडिंगचे 4,200 झाले. 28 प्लॉट, प्रत्येकी 150. बाकी : प्लॉट 3, 9, 14, 21.

वानखडे मॅडम: ढोले भाऊ, 14 चे मी वहिनींच्या हातात रोख दिले आहेत. नागपंचमीच्या दिवशी. विचारून घ्या.

ढोले भाऊ: विचारतो. वहीत नाई.

राऊत काकू (प्लॉट 6): मॅडम, तुमची धडपड पाहून बरं वाटतं. आमचा वेदू तर केजीपासूनच फाडफाड इंग्रजी बोलतो. कॉन्व्हेंटला टाकलं की हे प्रश्नच राहत नाहीत. अर्थात ज्याची त्याची ऐपत.

वानखडे मॅडम: काकू, वेदू गुणी आहे. परवा आमच्याकडे आला होता. "मे आय गो टू टॉयलेट" अगदी खणखणीत म्हणतो. मी विचारलं, व्हॉट डिड यू ईट टुडे, तर माझ्याकडे पाहतच राहिला. पाठ केलेलं आणि आलेलं यात फरक असतो, बाकी काही नाही.

गजू किराणा: त्याले खरंच टॉयलेटले लागली असन मॅडम.

राऊत काकू: हा मेसेज हटवला गेला

चौधरी काका (प्लॉट 9): लिंका उघडताना सांभाळा. मी नातीसाठी इंग्रजीचं एक ॲप घेतलं. सात दिवस फुकट म्हणे. आठव्या दिवशी 999 कापले. ॲप काढून टाकलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा कापले.

ढोले भाऊ: अन् बोअरचे 150 जड जाते.

शेंडे सर (हायस्कूल): काका, नुसतं ॲप काढून भागत नाही. ज्यातून पैसे देता त्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथं जाऊन बंद करावं लागतं. उद्या सकाळी घरी येतो, करून देतो.

शेंडे सर: आणि मॅडमच्या विषयावर मी बोलणार नव्हतो. मागच्या वर्षी सरकारच्या दीक्षा ॲपबद्दल लिहिलं तेव्हा "हायस्कूलवाल्यांना प्राथमिकचं काय कळतं" असं याच ग्रुपवर आलं होतं. कोणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे.

वानखडे मॅडम: मीच लिहिलं होतं सर. त्या दिवशी तीन ऑनलाइन माहित्या भरून वैतागले होते. पण तुम्हीही "प्राथमिकवाले पोरं कच्ची पाठवतात" म्हटलं होतं. ते कोणाला आठवत नाही.

इंगोले सर: माझ्या संदेशाकडे दुर्लक्ष झालेले दिसते. पुन्हा जोडत आहे. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो आणि अर्ज, पत्र, निबंध सगळे लिहिले. 2000 पासून पहिलीतच इंग्रजी आली. काय फरक पडला? 🙏

गजू किराणा: सर, तुमचा तक्ता दुकानात लावला म्या. सगळे गिऱ्हाईक भविष्यकाळात हाय. "आय विल पे" च्या पुढं कोणी सरकतच नाई.

ढोले भाऊ: 😂 प्लॉट 3 अन् 21 न वाचावं हे.

कोमल (प्लॉट 21): आमचे पैसे बाबा आल्यावर देतील काका. वावरात फवारणी चालू आहे. मॅडम, मी शिकणाऱ्याच्या बाजूनं काही सांगू का? बारावीपर्यंत मराठी मिडियम, मग कॉलेजात एकदम सगळं इंग्रजी आलं. बीबीसीचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी 6 मिनिटांचा ऐकायचा कार्यक्रम असतो, दोघं जण बोलतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात. कोणीतरी सुचवलं म्हणून रोज ऐकायची. महिनाभर डोक्यावरून गेलं. मग शेंडे सरांनी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे शिकणाऱ्यांसाठीचे जुने भाग दिले. ते मुद्दाम हळू वाचायचे आणि 1,500 च्या आसपासच शब्द वापरायचे. 1959 पासूनची ती पद्धत आहे. ते समजायला लागलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण ढ नाही. आता बीबीसीवर परत आले आहे. आधी नुसतं ऐकते, मग लिहिलेलं पाहून ऐकते, मग परत नुसतं. एकच भाग तीनदा. रोज नवीन भाग नाही.

वानखडे मॅडम: हे कामाचं आहे कोमल. पण माझ्या पोरांसाठी नाही ना गं. माझ्यासाठी आहे. खरं सांगायचं तर मलाही लागतंच.

शेंडे सर: हे बोललात ते बरं झालं. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण एकाच पोत्यात भरतो. एक, शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी. दुसरा, वर्गात सोमवारी 35 मिनिटांत काय करायचं. पहिल्यासाठी कोमलनं सांगितलं ते ऐका. एखाद्या शब्दाचा उच्चार अडला तर यूग्लिश नावाच्या वेबसाइटवर टाका, खऱ्या भाषणांतले तुकडे निघतात, पाच-सहा माणसांच्या तोंडून तोच शब्द ऐकायला मिळतो. आपल्या मराठीत एकच व आहे, म्हणून व्हेस्ट आणि वेस्ट आपल्याला सारखंच वाटतं. मी 20 वर्षं तसंच शिकवलं.

शेंडे सर: वर्गासाठी मी दोनच सांगतो. पहिलं दीक्षा. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ तो काळा-पांढरा चौकोन (क्यूआर कोड) छापलेला असतो, दीक्षा उघडून त्यावर फोन धरायचा. घरी उतरवून ठेवलं की शाळेत नेट लागत नाही. सगळं चांगलं नाही त्यात, काही व्हिडिओत तर पुस्तकच वाचून दाखवलं आहे. म्हणून आदल्या रात्री आपण पाहायचं, त्यातली दोन मिनिटं कामाची असतील तर तेवढीच दाखवायची. दुसरं स्टोरीवीव्हर, पोरांच्या गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्स या प्रकाशनाची आहे, 2015 पासून. गोष्टी सोप्यापासून अवघड अशा चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत. पुष्कळदा तीच गोष्ट मराठीतही असते. आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीतली हातात द्या, पोरांना अर्थ आधीच ठाऊक असतो. फुकट आहे आणि छापायची परवानगी आहे. शब्द बदला, गोष्ट लहान करा, फक्त लिहिणाऱ्याचं आणि चित्र काढणाऱ्याचं नाव राहू द्या. पाचवीला पहिल्या पायरीची गोष्ट द्यायला लाजू नका.

राऊत काकू: ती कशी उतरवायची? मैत्रिणीच्या नातीसाठी विचारते.

गजू किराणा: मैत्रिणीची नात 😄

इंगोले सर: गोष्टींनी परीक्षेत गुण मिळत नाहीत. स्कॉलरशिपच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. तक्ता पुन्हा जोडत आहे. 🙏

प्रतीक (पुणे): मॅडम, सॉरी. 17 लिंका मी खरंच उघडल्या नव्हत्या, एका यादीतून उचलल्या होत्या. आता तासभर बसलो. त्यातलं एकच सांगतो. रीड अलाँग. गुगलचं ॲप आहे, 2019 ला आलं तेव्हा नाव बोलो होतं. पोरगं मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो, अडलं तर शब्द सांगतो. गोष्टी उतरवून ठेवल्या की नेटशिवाय चालतं. मी स्वतः एक गोष्ट वाचून पाहिली, माझाही एक शब्द चुकला.

वानखडे मॅडम: आता कसं! पण वर्गात 22 पोरांचा गलका, फोन कोणाचं ऐकणार?

प्रतीक (पुणे): व्हरांड्यात तिघं-तिघं पाठवा. बाकीच्यांना सरांची ती छापलेली गोष्ट द्या.

ढोले भाऊ: मॅडम, तुमच्या वहिनी म्हणते पैसे भेटले होते, डब्यात ठेवून इसरली. प्लॉट 14 जमा. माफी.

वानखडे मॅडम: राहू द्या भाऊ. पण यादी टाकायच्या आधी विचारत जा.

रविवार

इंगोले सर: सुप्रभात. कालचा तक्ता काहींना दिसला नसल्यास. 🙏

चौधरी काका: सर, दिसला. चार वेळा.

गजू किराणा: मोटर चालू झाली काय? टाकीत थेंब नाई.

ढोले भाऊ: मोटर चालू हाय. लाइन नाई.

गुरुवार

वानखडे मॅडम: सांगायचं होतं. सोमवारी रीड अलाँग फसलं. फोन पोरांनी एकमेकांच्या हातून ओढला, त्यातला ससा पाहायला. मंगळवारी कोरड्या विहिरीवरून येणाऱ्या वाऱ्याचा आवाजच फोन ऐकत बसला. बुधवारी खोलीच्या मागं बसवून एकेक पोरगं पाठवलं तेव्हा जमलं. गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी लागली. पहिल्या पायरीची, आठ पानांची. 8 प्रती काढल्या, तिघांत एक. मराठीतून आधी सांगितली होती, म्हणून कोणी अर्थ विचारला नाही, सगळे पुढच्या पानावर काय आहे तेच पाहत होते.

शेंडे सर: झेरॉक्स कुठून?

वानखडे मॅडम: तालुक्यातून. 64 पानं, 128 रुपये. माझेच. आता खरं ऐका. पुढं पोळा आहे, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मी म्हटलं, त्या गोष्टीसारखीच आपल्या लाकडी बैलाची गोष्ट करा, एका पानावर एकच ओळ. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा आहे, जूनपासून माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. त्यानं लिहिलं आणि उभं राहून वाचलं : धिस इज माय बुल. ही इज वुड. ही इट नो ग्रास. ही रन ऑन रोड. आय पुल.

कोमल: मॅडम 😍 आय पुल!

राऊत काकू: अगं बाई. छान लिहिलं हो.

इंगोले सर: "ही ईट्स" आणि "ही रन्स" हवे. तृतीय पुरुषी एकवचन. शिवाय "ही इज मेड ऑफ वुड".

वानखडे मॅडम: हो सर, बरोबर आहे. पण तो आज पहिल्यांदा बोलला. एस पुढच्या आठवड्यात लावते.

शेंडे सर: पुढच्या आठवड्यात त्याचीच गोष्ट फळ्यावर लिहा आणि एस कुठं लागतो ते पोरांनाच शोधू द्या. तुमचा हा लाकडी बैल मी नववीत वापरू का? माझी पोरंही याच गावांतून येतात.

वानखडे मॅडम: वापरा ना सर. मागच्या वर्षीचं मनात ठेवू नका.

शेंडे सर: ठेवलं असतं तर शनिवारी एवढं लिहिलं नसतं.

इंगोले सर: मॅडम, माझ्याकडे नातवाचा चाकांचा लाकडी बैल माळ्यावर पडून आहे. शिंगांना बेगड लावलेली आहे. नातू आता नागपूरला असतो, इकडे येत नाही. वर्गात ठेवायला नेता आला तर न्या. एक चाक थोडे ढिले आहे.

वानखडे मॅडम: उद्या शाळेत जाताना घेते सर. साडेनऊला.

गजू किराणा: चाकाचा खिळा दुकानात हाय. फुकट. बाकी सगळं भविष्यकाळात.

ढोले भाऊ: झेरॉक्सचे 128 लेआउटच्या पैशातून देऊ काय? कोणाची हरकत असन तर आताच सांगा.

चौधरी काका: हरकत नाही. माझे 150 पाठवले आहेत, पाहून घ्या. ऑटोपे सरांनी बंद करून दिलं.

ढोले भाऊ: पाहतो. आता बाकी प्लॉट 3 अन् 21.

कोमल: काका, सांगितलं ना, फवारणी.