एमएस असताना लोहाची गोळी? माझं मत: नको

उंबरठा
मल्टिपल स्क्लेरॉसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण झडण्याचा आजार) निदान होऊन सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ९, हिमोग्लोबिन १०.४. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली. पाकीट टेबलावर तसंच पडून आहे, कारण त्याच्या थोडं आधी झालेल्या एमआरआयच्या रिपोर्टात एक ओळ होती: मेंदूतल्या तीन व्रणांच्या (आजाराने झालेल्या जखमांच्या) कडेला लोहाचं वलय.

आता सांगा, मेंदूत लोह साचतंय आणि मी वरून आणखी गिळू? मोकळं लोह किती वाईट हे रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा. हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते असे रॅडिकल तयार करतं, जे समोर येईल ते जाळतात, मज्जातंतूंवरच्या आवरणाची, म्हणजे मायलिनची चरबी तर आधी. शिवाय जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. रोज १-२ मिलिग्रॅम आत येतं, जवळपास तेवढंच पेशी झडून आणि थोडंफार रक्त जाऊन बाहेर पडतं. जास्तीचं आत गेलं तर ते कुठेतरी बसणारच ना?

२०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात अशी चार किंवा जास्त वलयं असलेल्यांना अपंगत्व कमी वयात आलेलं दिसलं. माझी तीन आहेत. चौथ्याची वाट बघू?

पॅथॉलॉजीवाली
उंबरठाताई, भीती समजते, पण हिशेब चुकतोय. अंगात एकूण लोह ३-४ ग्रॅम, त्यातलं दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात येतं. म्हणजे खरा कारभार आतल्या आतच चालतो, आतड्यातून येणारं त्यापुढे चिमूटभर. आणि त्या चिमटीवरही पहारा आहे. यकृतात हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनतं. पेशीतून लोह बाहेर पडण्याचं जे एकच दार माहीत आहे, फेरोपोर्टिन, ते हेप्सिडिन बंद करतं. कोठार भरलेलं असलं की हेप्सिडिन वाढतं, रिकामं असलं की उतरतं. फेरिटिन ९ म्हणजे कोठार झाडून-पुसून रिकामं. तुम्ही गिळलेलं लोह आधी अस्थिमज्जा पळवून नेईल.

मेंदूचं दार तर आणखी वेगळं. रक्त-मेंदू अडथळा आपल्या गरजेप्रमाणे लोह आत घेतो. रक्तातलं फेरिटिन बघून मेंदूतल्या लोहाचा अंदाज बांधता येत नाही, ना वर ना खाली. तुमच्या वलयातलं लोह बहुतांशी तिथलंच आहे. मेंदूत सर्वात जास्त लोह असतं ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत, कारण मायलिन बनवायला त्यांना ते लागतं. व्रणात त्या मेल्या की लोह सांडतं आणि मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, ते उचलतात. पडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलणारे मजूर समजा.

तिरकस
मजूर? हेच मजूर उरलेली भिंतही पाडतात की. वलय असलेले व्रण वर्षानुवर्षं धुमसत राहतात, कित्येक हळूहळू पसरतात. लोहाने भरलेल्या मायक्रोग्लिया दाह चालू ठेवतात. म्हणूनच ही वलयं आता एमएसच्या निदानाच्या नव्या निकषांत आली आहेत. ती निरुपद्रवी असती तर कुणी मोजली नसती.

माझा सरळ प्रश्न: लोह बांधून बाहेर काढणारी औषधं थॅलेसेमियात इतकी वर्षं वापरतात. मग एमएसमध्ये का नाही? गोळी घ्यावी की नाही हा वाद नंतर, आधी काढायचं बघा.

जुना वाटसरू
तिरकसराव, या वाटेने मी जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

२००९ मध्ये इटलीच्या झांबोनींनी मांडलं की एमएसमध्ये मानेतल्या शिरा अरुंद असतात, रक्त मागे साचतं आणि त्यातून मेंदूत लोह बसतं. ऐकायला इतकं सोपं आणि सुटसुटीत, की मी परदेशी जाऊन शिरेत फुगा फुगवून घेतला. टेबलावर पडलेलो असताना पडद्यावर ती शीर रुंद होताना दिसत होती, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. पहिले दीड महिने पाय हलके वाटले, मित्रांना फोन करून सांगितलं. चौथ्या महिन्यात काठी परत हातात आली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, या उपचाराबद्दल धोक्याचा इशारा दिला. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या कॅनडाच्या अभ्यासात एमएस असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या शिरा सारख्याच अरुंद निघाल्या. पुढे झांबोनींच्याच चाचणीत उपचाराचा उपयोग नाही असं ठरलं. हे त्यांनी स्वतः छापलं याचं मला कौतुकच आहे.

लोह काढण्याचं म्हणाल तर डेस्फेरिऑक्सामिन एमएसमध्ये मोजक्या रुग्णांवर वापरून झालंय, ठोस फायदा दिसला नाही. पार्किन्सन्समध्ये डेफेरिप्रोन ३७२ जणांच्या चाचणीत ३६ आठवडे तपासलं. २०२२ चा निकाल असा की मेंदूतलं लोह कमी झालं आणि रुग्णांची लक्षणं वाढली. लोह दिसतंय म्हणजे तेच चोर, असं नसतं.

तिरकस
तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं. पण पार्किन्सन्सचा दाखला इथे लागू नाही. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, आणि त्या चाचणीतले लोक लिव्होडोपा, म्हणजे डोपामिन भरून काढणारं औषध, घेत नव्हते. लोह काढलं तर लक्षणं वाढणारच! त्यावरून एमएसबद्दल काय कळतं?

पॅथॉलॉजीवाली
हा मुद्दा मान्य, दाखला जसाच्या तसा लागू नाही. पण "एमएसमध्ये मेंदूत लोह जास्त" हे तुमचं गृहीतकच अर्धं आहे. २०१८ मध्ये सहाशे रुग्णांच्या एमआरआयवरून मोजलं तेव्हा मेंदूच्या खोल भागांपैकी बेसल गँग्लियात लोह जास्त आणि थॅलॅमसमध्ये कमी निघालं. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत तर आजार जितका जुना तितकं पांढऱ्या भागातलं लोह कमी दिसलंय. एका कोपऱ्यात ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात खडखडाट. औषधाला कोपरा ओळखता येत नाही, ते सरसकट काढतं. नवं मायलिन बनवणाऱ्या पेशींचं लोह काढून आपण काय मिळवणार?

रेघ
वाद रंगलाय, पण ९ का आलं हे कुणी विचारलंच नाही. उंबरठा, पाळीत रक्त जास्त जातं का? पोटातून कुठे जातंय का? ते न शोधता नुसती गोळी म्हणजे गळक्या टाकीत पाणी.

मलाही एमएस आहे. दीड वर्ष प्रत्येक भेटीत ऐकलं की थकवा एमएसचा आहे. जिना चढताना धाप, तोही एमएस. रात्री पायांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं, पलंगावरून उठून भिंतीला तळवे घासत उभी राहायचे, तोही एमएस. शेवटी मीच फेरिटिन करून घेतलं, ११ होतं. लोह सुरू केल्यावर पाय शांत झाले, धाप गेली. थकवा मात्र निम्मा राहिला, तो खराच एमएसचा असावा.

दोन्ही बाजूंना एक टोचणी. दाह असला की फेरिटिन उगाच वर दिसतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रौढांत कमतरतेची रेघ एरवी १५ वर आणि दाह असताना ७० वर मारते. तेव्हा "माझं ४० आहे, मी ठीक" असं कुणी ठरवू नये. आणि तपासणी न करता "अशक्तपणा आहे ना, घे गोळी" हेही तितकंच चूक.

उंबरठा
पाळीचं खरं आहे, रेघ. लिहायला संकोच वाटला होता. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

मायक्रोग्लिया नुसते मजूर, हे मला अजून पटलेलं नाही. त्या बाबतीत मी तिरकसांच्या बाजूने. पण ते लोह माझ्या गोळीतून येत नाही एवढं पटलं. न्यूरॉलॉजिस्टना वलय आणि फेरिटिन दोन्ही एकाच कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणाले, गोळी घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. एक दिवसाआड घेतली तर चालेल का विचारलं, तर हो म्हणाले.

पॅथॉलॉजीवाली
चालेलच. एका गोळीनंतर हेप्सिडिन दिवसभर चढलेलं राहतं, त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं कमी शोषलं जातं. पोटही कमी बिघडतं.

तिरकस
बघा, शरीर स्वतःच म्हणतंय, एवढं नको.

पॅथॉलॉजीवाली
"आज नको" म्हणतंय हो. परवा चालेल म्हणतंय.

उंबरठा
पाकीट फोडलं. काही लक्षात ठेवायचं?

रेघ
शौचाला काळसर होईल. त्यावर नवा धागा काढू नकोस.