मामाची कॉन्टेसा, पसरणी घाट आणि ब्रेक: मोठं इंजिन टाकू की आधी दुसरं काही?

शाहूपुरी_११ (सातारा)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, मनापासून विचारतोय.

मामाची १९९१ची कॉन्टेसा क्लासिक दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन, पांढरा रंग. मामानं पोटच्या पोरासारखी जपलेली, फक्त शेवटची सात-आठ वर्षं शेडमध्येच उभी होती. मी आल्यावर रंग काढला, क्रोम करून घेतलं, सीट कव्हर बदलली. आपल्याकडं मसल कार (मोठ्या इंजिनाची, जोरकस गाडी) म्हणावी अशी एकच गाडी झाली आणि ती ही, पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलो तर शेजारचा काच खाली करून विचारणारच.

गेल्या रविवारी पाचगणीला गेलो होतो. मी, बायको, मामा आणि दोन्ही पोरं. परतताना पसरणी घाट उतरायला लागलो तर मामा म्हणाला न्यूट्रल टाक, आम्ही आयुष्यभर असंच उतरलो, पेट्रोल वाचतं. मी टाकली. इंजिन चालू होतं, बंद केलं नव्हतं. निम्म्यात आल्यावर जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला पेडल दाबलं आणि ते लोण्यात बोट जावं तसं सरळ खाली गेलं. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा थोडं धरलं, तेवढ्यात हँडब्रेक ओढला, कसाबसा दुसरा गिअर पडला आणि डावं फेंडर कठड्याला घासत घासत गाडी थांबली. समोरून एसटी येत होती, त्या ड्रायव्हरनं लांबूनच ओळखलं आणि वळणाच्या अलीकडं थांबून राहिला, त्याचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही.

मागच्या सीटला पट्टे (सीट बेल्ट) नाहीत. धाकटी सहा वर्षांची, पुढच्या सीटच्या पाठीवर तोंड आपटलं, ओठ फाटला. दोन टाके पडले. ती आता गाडीत बसताना माझ्याकडं बघते आणि विचारते, पप्पा ब्रेक आहे का.

आता प्रश्न. पुण्यातले एक गॅरेजवाले म्हणतात गाडी खोलायचीच आहे तर दुप्पट ताकदीचं इंजिन टाकू, सगळं एकदमच होईल. आई म्हणते विकून टाक. मामा म्हणतो ब्रेकचं तेल भर, काही झालेलं नाही. मला गाडी ठेवायची आहे आणि पोरांना घेऊन फिरायचं पण आहे. काय करू?

कुपवाडचा_मिस्त्री (सांगली)

पोरगीचा ओठ बरा झाला का ते आधी सांगा दादा.

आता कामाचं. पेडल मऊ होऊन खाली जातंय ही एक गोष्ट आणि पेडल दगडासारखं कडक राहून गाडी थांबत न्हाई ही दुसरी गोष्ट, ह्यात गल्लत करू नका. कडक पेडल म्हंजे लायनर (चाकाला धरणारी ब्रेकची घासपट्टी) तापून गुळगुळीत झालंय न्हाईतर बूस्टरला, म्हंजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळंना झालाय. तुमचं पेडल मऊ गेलं म्हंजे तेल उकळलं बगा. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, डबा बंद असला तरी रबरी पाइपातनं ओढतं, आणि तुमची गाडी आठ वर्षं शेडात उभी. डॉट ३ ह्या जातीचं ब्रेकचं तेल नवं असताना २०५ डिग्रीच्या आत उकळत न्हाई, पण पाणी ओढल्यालं १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ घेतलं तर हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपात वाफ होती, वाफ दाबली जाती, तेल दाबलं जात न्हाई, म्हणून पेडल खाली. गार झालं की पुन्हा पेडल ठीक लागतंय आणि माणूस म्हणतो काई झालंच न्हाई. मामांनी वरनं नुसतं तेल ओतलं तर जुनं तेल पाइपात तसंच राहतंय. सगळं काढून, चारी चाकांना ब्लीड करून, म्हंजे जुनं तेल आणि हवा बाहेर काढून, नवं भरायचं, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी फिरू दे न्हाईतर उभी राहू दे.

मागचे ड्रम काढल्यावर आतला व्यास मोजून घ्या. ड्रमवर जास्तीत जास्त किती ते बहुतेक कोरल्यालं असतंय. मागच्या मालकांनी दोनदा-तीनदा लेथवर मारून घेतला असंल तर पातळ झाला असणार, पातळ ड्रम लवकर तापतोय, तापला की फाकतोय, फाकला की शू (लायनर बसवल्याली आतली कमान) अजून लांब जातोय. व्हील सिलिंडरचं (तेलाच्या दाबानं शू ढकलणाऱ्या नळीचं) रबर उचकटून बघा, आत वल दिसली की बदला, पुसून परत बसवू नका. रबरी होज बोटात वाकवा, तडा दिसला तर चारी नवे.

आणि न्यूट्रल. माफ करा, पण ही सवय मामांच्या पिढीनं सगळ्यांना लावलीया. ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरायचा, आमच्या वडलांनी ट्रकवर ३० वर्षं हेच केलं. इंजिन गाडीला मागनं धरून ठेवतंय, ब्रेकला निम्मंच काम राहतंय. न्यूट्रलमध्ये सगळी गाडी, पाच माणसं, डिकीतलं सामान, सगळं त्या चार लायनरच्या डोक्यावर.

टायरचा फोटो टाका. नक्षीचा न्हाई, बाजूवरच्या नंबराचा. तिथं डॉट लिहिलंय त्याच्या शेवटी चार आकडे असत्यात, त्यावरनं टायर कवा बनलाय ते कळतंय.

जुनी_लोखंडी (कराड)

मी म्हणतो विकायचा प्रश्नच येत नाही. जुन्या गाड्यांचा पत्रा बघा आणि आत्ताच्या बघा, आत्ताचा बंपर गुडघ्यानं दबतो. आमच्या आजोबांची अ‍ॅम्बेसिडर एकदा म्हशीला धडकली, गाडीला ओरखडा नाही. धडक झालीच तर माणूस जुन्या गाडीत वाचतो. ब्रेक नीट करा आणि बिनधास्त फिरवा.

विट्याचा_परतलेला

लोखंडीभाऊ, राग मानू नका, पण हा गैरसमज जीवघेणा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी सहा वर्षं मिशिगनला होतो, तिथं दर उन्हाळ्यात जुन्या मसल कार बाहेर निघतात, मीही १९६७ची मस्टँग चार वर्षं सांभाळली.

२००९ साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवली, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरनं, ड्रायव्हरच्या बाजूनं. बेल एअर म्हणजे भलंमोठं लोखंडी धूड. सगळ्यांना वाटत होतं मालिबूचा चुरा होणार. झालं उलटं. बेल एअरचा काचेचा खांब आत वाकला, स्टिअरिंग चाचणीसाठी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं, खरा माणूस असता तर वाचायची शक्यता फारच कमी. मालिबूतल्या पुतळ्याच्या पायाला दुखापत, बस. नवीन गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं आणि धडकेचा जोर खाऊन टाकतं, माणूस बसतो तो पिंजरा मात्र टिकतो. जुन्या गाडीला ओरखडा नाही म्हणजे तो सगळा धक्का आतल्या माणसानं खाल्ला. म्हशीला विचारा आणि आजोबांच्या मानेला विचारा.

आता खऱ्या मसल कारचं. १९६४ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, जिच्यापासून हा सगळा प्रकार सुरू झाला असं मानतात, तिला ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, आणि थांबायला चारी चाकांना ड्रम ब्रेक. पुढचे डिस्क तिला १९६७ला मिळाले, तेही जादा पैसे मोजले तर. जोराचं काम आधी झालं, थांबायचं काम नंतर झालं, आणि मधल्या वर्षांत जी माणसं गेली ती गेली. १९६६ला तिथं वाहन सुरक्षेचा कायदा आला, मग १९६८पासून पट्टे आणि धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा सक्तीचा झाला, डोक्यामागची उशी १९६९ला. त्याआधीचा दांडा म्हणजे सरळ भाला, नाक आत आलं की छातीत. पहिल्या पिढीच्या मस्टँगला तर पेट्रोल टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, मागून जोरात ठोकलं की टाकी आणि माणसं यांच्यामध्ये फक्त मागच्या सीटचं पुठ्ठ्यासारखं पार्टिशन. मी पहिल्याच हिवाळ्यात तिथं स्टीलची प्लेट बसवून घेतली.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या पावसात, सिग्नलवरून डावीकडं वळताना पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला गेला. थोडाच. मागची चाकं फिरली, शेपूट बाहेर आलं, घाबरून पाय एकदम उचलला तर शेपूट उलट्या बाजूला झपाट्यानं परत आलं आणि मागचं चाक फुटपाथच्या कडेला. वेग ३०सुद्धा नसेल. मागच्या चाकांनी ढकलणारी, पुढं जड इंजिन असलेली आणि मागं हलकी गाडी अशीच वागते, आणि तिथं सावरायला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं यंत्र) नाही, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारं) नाही, तुमचा पायच सगळं. तिथं कार मेळाव्यातून बाहेर पडताना लोकांना दाखवायला थ्रॉटल देणारे असेच गर्दीत घुसतात.

म्हणून दादा, दुप्पट इंजिन नको. कॉन्टेसाच्या चेसिसला, ब्रेकला, टायरला तेवढं पेलायचं कुणी सांगितलेलं नाही. ताशी ६० आणि ८० यात वीसचाच फरक वाटतो, पण थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. ८० ला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता, नुसतं पेडलवर पाय पोचेपर्यंत.

विमा_सर्व्हे (सांगली)

इंजिनबद्दल एकच. वेगळ्या जातीचं इंजिन टाकायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद पाहिजे. नोंद नसेल आणि अपघात झाला तर क्लेमचे वांधे होतात, समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या खिशातून निघायची वेळ येऊ शकते. गॅरेजवाले हे सांगत नाहीत.

इस्लामपूरची_वैशाख

मी गाड्यांमधली जाणकार नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्या पप्पांची जुनी गाडी होती, १९८०च्या आसपासची, पट्टे नव्हतेच. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, पेठ नाक्याकडून रात्री नऊच्या सुमारास येत होतो. पुढं उसाची जोड ट्रॉली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, नुसते वाढे लोंबत होते. आमचे हेडलाइट इतके पिवळे की ऊस आणि अंधार एकच रंग. पप्पांना दिसली तेव्हा पंधरा-वीस पावलांवर होती. ब्रेक मारला, गाडी सरळ घसरत गेली.

मी मागं होते, हात मोडला. पप्पांच्या छातीवर स्टिअरिंगची अर्धी गोल कड निळी-काळी उठली होती, शर्ट काढला तेव्हा मधल्या हॉर्नचा गोलसुद्धा स्पष्ट दिसत होता. चार बरगड्या मोडल्या. महिनाभर ते पाठीवर झोपू शकत नव्हते, खुर्चीत बसून झोपायचे, आणि शिंक आली की आई धावत जाऊन त्यांची छाती उशीनं दाबून धरायची. ते वाचले. त्याच हंगामात त्याच रस्त्यावर दुसरे एक जण वाचले नाहीत.

दादा, हेडलाइटला रिले (बॅटरीतनं बल्बला थेट करंट देणारा स्विच) बसवून घ्या. आमच्या वायरमननं नंतर दाखवलं, जुन्या वायरीतनं बल्बपर्यंत करंटच पुरा पोचत नव्हता, रिले टाकल्यावर तेच बल्ब पांढरे दिसायला लागले. आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत रात्री ती गाडी काढूच नका. पोरांना तर पट्ट्याशिवाय नकोच नको, दोन टाके हे तुमचं नशीब.

शाहूपुरी_११ (सातारा)

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. लेकीचा ओठ बरा आहे, बारीक वण राहिलाय.

मिस्त्री, तुम्ही म्हणालात तेच निघालं. तेल काढलं तर चहासारखं, तळाला गाळ. मागचा उजवा ड्रम कोरलेल्या मापाच्या पुढं गेलेला, व्हील सिलिंडर दोन्ही आतून ओले. डावा होज वाकवला तर तडा उघडला, आत सुतळीसारखा दोरा दिसला. सगळं नवीन टाकलं, तेल डॉट ४. टायरवर आकडे निघाले २३११, म्हणजे २०११ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नव्यासारखी, मी त्याच्यावरच भुललो होतो, नख रोवलं तर रुततच नाही, प्लास्टिक झालंय. चारी बदलले. रिले पण बसवले, ताई, फरक खरंच डोळ्यांना दिसतो.

इंजिनवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

काल मामाला शेजारी बसवून पसरणी परत उतरलो, पोरं घरी. दुसऱ्या गिअरमध्ये, अख्खा घाट. मामा पहिली चार वळणं गिअरकडं बघत गप्प होता, मग म्हणाला इंजिन ओरडतंय. मी म्हटलं ओरडू दे. वाईत खाली आल्यावर खाली उतरून मागच्या चाकाजवळ हात नेला त्यानं, नुसतं कोमट होतं. काही बोलला नाही, पण येताना सायगावच्या उतारावर मी न विचारता म्हणाला, गिअरातच राहू दे.

आता राहिले मागचे पट्टे. साताऱ्यातला एक जण म्हणतो सीटखालच्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारून देतो, अर्ध्या तासात. करू का?

कुपवाडचा_मिस्त्री (सांगली)

नुसत्या पत्र्याला अजिबात नको. धडक बसली की सहा वर्षांचं पोर पण कितीतरी पट जोरानं पट्टा वढतंय, पत्र्यातनं बोल्ट बटणासारखा निघून येतो. खालनं जाड प्लेट पाहिजे, तळहाताएवढी तरी, आणि आधी मॅट उचलून खालचा पत्रा गंजला न्हाई ना ते बघायला पाहिजे, आठ वर्षं शेडात उभी म्हंजे वल खाल्ली असणार. नुसता कमरेचा पट्टा लावू नका, पोराचं पोट दबतंय, खांद्यावरनं येणारा तीन ठिकाणी धरणारा घ्या, आणि धाकटीला उंच बसायची सीट, न्हाईतर पट्टा गळ्यावर येतोय.

येत्या रविवारी घेऊन या, रॅम्प मोकळा हाय. खालनं टॉर्च मारून बघू, गंज निघाला तर आधी तो कापून नवा पत्रा जोडू आणि मगच भोक पाडू. येताना दिवसा या, आणि पोरांना एसटीनं आणा.