फ्रीलान्सरला सॉफ्टवेअर लागतंच का? (एका एक्सेलवाल्याचं उत्तर)

उधारी_बंद

परवा 'रात्रपाळी' यांनी लिहिलं: "क्लायंट, वेळ आणि इनव्हॉइस सांभाळायला जे अजूनही एक्सेल वापरतात ते हौशी आहेत, व्यावसायिक नव्हेत." खाली सोळा सॉफ्टवेअरची यादी. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला होता, पण तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय.

मी नऊ वर्षं भाषांतर करतो. एक फाईल, चार शीट. पहिल्यात क्लायंट, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात बिलं, चौथ्यात कोणी पैसे दिले आणि कोणी तोंड लपवलं. झालं माझं ऑफिस.

मी काही न वापरताच बोलतोय असंही नाही. असाच एक लेख वाचून गेल्या वर्षी एक 'ऑल इन वन' घेऊन बघितलं. नाव सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. उघडल्या उघडल्या विचारतं, तुमची 'सेल्स पाइपलाइन' तयार करा. बाबा रे, माझे क्लायंट सहा. त्यातले दोन एकमेकांचे मेव्हणे. कसली पाइपलाइन? मग प्रत्येक क्लायंटला लीड, प्रपोजल, डील असल्या पायऱ्यांवरून चालवत न्यायचं. हे सगळं भरण्यात तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस कोणाच्या बिलात लावायचे याचा रकाना काही त्यात नव्हता.

बाहेर पडताना आणखी मजा. डेटा सीएसव्हीत, म्हणजे साध्या रकान्यांच्या फाईलीत, मिळाला, पण बिलांच्या पीडीएफ एकेक उघडून उतरवाव्या लागल्या. बिलांचे क्रमांक त्याने एकपासून सुरू केलेले. त्यामुळे माझ्याकडे आता एकाच क्रमांकाची दोन दोन बिलं आहेत, आणि दर वेळी हिशोबनीस माझ्याकडे बघतो तसं कुणी कुणाकडे बघू नये.

तर हौशी कोण?

रात्रपाळी

ती पोस्ट माझीच. 'हौशी' हा शब्द लागलेला दिसतोय. लागावा म्हणूनच लिहिला होता.

फ्रेशबुक्स हे बिलांचं सॉफ्टवेअर कसं जन्माला आलं माहीत आहे का? 2003 साली त्याच्या संस्थापकाने नवं बिल बनवताना वर्डमधल्या जुन्याच बिलावर 'सेव्ह' दाबलं आणि जुनं बिल गेलं. वैतागून त्याने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तुमची 'एक फाईल' त्याच रांगेत उभी आहे, फक्त नंबर यायचाय.

माझा नंबर आलेला आहे. मीही एक्सेलवालीच होते. एका महिन्यात एका क्लायंटसाठी 31 तास 40 मिनिटं काम केलं. रोजचे तास नीट भरले, खाली बेरीज केली, बेरीज दिसली 7:40. महिनाअखेर, रात्रीचे दोन, डोळ्यांत झोप. दिसलं ते बिलात टाकलं आणि पाठवून दिलं. तासाभरात पैसे जमा! आजवर इतक्या चटकन मला कोणी पैसे दिलेले नाहीत. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे. घोळ कळला तो दोन महिन्यांनी.

उधारी_बंद

हा एक्सेलचा दोष नाही. बेरीज चोवीस तासांवर गेली की ते पुढचा दिवस धरतं, घड्याळासारखं. त्या पेशीच्या फॉरमॅटमध्ये तासांचा एच चौकटी कंसात टाकायचा, की 31:40 दिसतं. आतली बेरीज बरोबरच होती, फक्त दाखवण्यात गडबड. दहा सेकंदांचं काम.

रात्रपाळी

दोन महिने आणि दहा सेकंद.

शुद्धाशुद्ध

चर्चा उत्तम चालली आहे, पण 'इनव्हॉइस' कशाला? बीजक हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे.

जुनाच_खडू

क्लायंटला 'बीजक जोडले आहे' लिहून बघा. शेतीचं काही आलंय समजून अटॅचमेंट उघडणारच नाही.

कोरा_कागद

तुम्ही दोघं एकाच घाण्याचे बैल आहात. एक्सेल असो नाहीतर टॉगलसारखं तास मोजणारं ॲप, प्रश्न हा की तास मोजायचेच कशाला? मी चित्रं काढते. परवा एका मुखपृष्ठावर आठवडाभर अडकले होते, आणि शनिवारी आंघोळ करताना अख्खं चित्र डोळ्यासमोर आलं. कागदावर उतरवायला चाळीस मिनिटं. आता टायमर काय दाखवणार? चाळीस मिनिटं. आंघोळीच्या वेळी 'स्टार्ट' दाबायला ओला हात बाहेर काढू का?

तासिका

आंघोळ क्लायंटच्या खात्यात लावणार असाल तर कळवा, म्हणजे मी तुम्हाला काम देणार नाही.

कोरा_कागद

आधी तरी कुठे देत होतात?

जुनाच_खडू

कोरा_कागद बरोबर बोलतायत. मी प्रोग्रॅमर. तासावर बिल म्हणजे जो हळू काम करतो त्याला बक्षीस. सुरुवातीला जे काम मला चार दिवस लागायचं ते आज चार तासांत होतं. म्हणजे शहाणा झालो म्हणून कमाई घटवून घ्यायची? मी ठोक रक्कम सांगतो, निम्मी आधी घेतो. टायमर गेला खड्ड्यात.

तासिका

आणि क्लायंटने सातव्यांदा 'एवढासाच बदल' सांगितला की? ठोक रकमेत तो बसवताना तोंडातून शिवी येत नाही? तासाचा हिशोब असला की शांतपणे सांगता येतं, ठरलेले बारा तास संपले, पुढचे वेगळे. वकील अनेक ठिकाणी सहा सहा मिनिटांचे तुकडे करून बिल लावतात, म्हणजे तासाचे दहा भाग. फोन उचलला की एक तुकडा गेला. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही.

जुनाच_खडू

वकिलांचं उदाहरण 'लोकांना ज्याचा राग येतो अशी बिलं' या सदरात चांगलं आहे.

ठोक रक्कम सांगताना कामात काय आहे आणि काय नाही ते लेखी द्यायचं असतं. 'दोन फेऱ्या दुरुस्त्या, तिसरीचे पैसे वेगळे.' हे ज्यांना लिहिता येत नाही तेच टायमरच्या मागे लपतात.

तासिका

लपतात? मी गेल्या वर्षी एका ठोक कामात अडकले होते. सगळं लेखी होतं. 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं यावरच तीन आठवडे मेलामेली. शेवटी मी तास काढून बघितले तर माझ्या नेहमीच्या दराच्या एक तृतीयांशावर मी राबत होते. टायमर चालू नसता तर मला कळलंही नसतं की मी गाढव आहे. तुम्हाला अजून कळलेलं नसावं, कारण तुम्ही मोजतच नाही.

जुनाच_खडू

व्यक्तिगत होऊ नका.

कोरा_कागद

आंघोळीवर घसरले तेव्हा कुठे होता हा नियम?

बिनपगारी

टायमर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्सरांना कामं मिळतात त्या साइटवर, तासाच्या बोलीवर काम केलंय. तिथला ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या खंडात एकदा, कधी ते न सांगता, स्क्रीनचा फोटो घेतो आणि किती वेळा कळा दाबल्या, माऊस हलवला तेही मोजतो. मला लिहिण्याआधी छताकडे बघायची सवय. तर मी छताकडे बघत बघत माऊस गोल गोल फिरवायला शिकलो. हे माझं व्यावसायिक कौशल्य.

रात्रपाळी

पण ती पाळत झाली, बिनपगारी. मी बोलतेय तो टायमर आपला आपल्यासाठी. क्लायंटला दाखवायचं बंधन नाही. टॉगलमध्ये उठून गेलात आणि घड्याळ चालूच राहिलं तर परत आल्यावर विचारतं, मधला वेळ ठेवू की टाकू. कोणाला चुगली करत नाही.

टर्मिनलकर

इतका वेळ गप्प होतो. तुम्हा सगळ्यांचा डेटा दुसऱ्याच्या घरी आहे. मी आपल्याच संगणकावर चालणाऱ्या दोन प्रोग्रॅमांवर भागवतो: टाइमवॉरिअरमध्ये कमांड टाइप करून तास, लेजरमध्ये हिशोब. लेजर 2003 पासून आहे, आणि फाईल साधी टेक्स्ट, जी कुठल्याही संपादकात उघडते. ज्यांना खिडक्या आणि बटणं हवीत त्यांनी तासांसाठी किमाई आणि बिलांसाठी इनव्हॉइस निंजा स्वतःच्या सर्व्हरवर टाकावं. कंपनी बंद पडली, दर वाढले, आपल्याला काही नाही.

तासिका

आणि सर्व्हर बंद पडला की?

टर्मिनलकर

मार्चमध्ये एकदा दोन दिवस पडला होता. बॅकअप होता.

तासिका

कुठे?

टर्मिनलकर

त्याच सर्व्हरवर. पण तो मुद्दा वेगळा आहे.

उधारी_बंद

धागा आंघोळीत आणि सर्व्हरमध्ये वाहून गेला. मूळ प्रश्नावर या. मला एक दाखवा, जे सॉफ्टवेअर करतं आणि माझी फाईल करू शकत नाही.

रात्रपाळी

पैसे मागणं.

थट्टा नाही करत. बिल पाठवलं, तीस दिवसांची मुदत संपली, पैसे नाहीत. तुमची फाईल त्या रांगेला लाल रंग देते. मग? मग तुम्ही मेल लिहायला बसता. 'सहज आठवण करतोय' लिहिता, खोडता. 'आपण व्यग्र असाल' लिहिता. आपलेच पैसे आणि आपणच अपराधी. मी एकदा असा मेल चार दिवस लिहीत होते. आता मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी आपोआप आठवण जाते. मी मागत नाही, यंत्र मागतं. क्लायंटलाही ते यंत्राचं वाटतं, रुसवा नाही. आणि हे काही फार खर्चिक नाही. झोहो इनव्हॉइस 2021 पासून फुकट आहे, त्यातही हे आहे. पाइपलाइन बिइपलाइन भरा म्हणून कोणी मागे लागत नाही.

बिनपगारी

यंत्राला जनाची नसते, मनाची पण नसते. माझ्या एका जुन्या क्लायंटचे वडील गेले. मला माहीत होतं, मी भेटूनही आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच नावाने त्याला मेल: 'आपले देयक थकीत आहे, कृपया त्वरित लक्ष द्यावे.' आपोआप जाणारी आठवण मी चालू करून विसरलो होतो. त्याने दहा मिनिटांत पैसे पाठवले. खाली एक ओळ नाही. नंतर त्याचं काम कधी आलं नाही.

कोरा_कागद

अरेरे.

रात्रपाळी

वाईट झालं. त्या एका क्लायंटपुरती आठवण बंद करता येते हे आता सांगून उपयोग नाही, तरी बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

शुद्धाशुद्ध

त्या मेलमध्ये 'देयक' होतं हे पाहून बरं वाटलं, म्हणजे प्रसंग दुःखद आहेच. पण बीजक आणि देयक यांत सूक्ष्म फरक…

जुनाच_खडू

नको.

उधारी_बंद

काल रात्री झोप आली नाही. रात्रपाळींच्या 7:40 मुळे. म्हटलं, आपली फाईल एकदा बघू. चोवीस तासांची भानगड माझ्याकडे नाहीच, कारण मी तास दशांशात लिहितो. अडीच तास म्हणजे 2.5. हे सांगायला मोठ्या दिमाखात येणार होतो.

मग एक रांग दिसली: 1.45. पाऊण तासाचा कसला पंचेचाळीस? एक तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे 1.75. घाईच्या दिवशी मी फोनच्या घड्याळात बघून जसंच्या तसं लिहिलेलं. त्या रांगेत अठरा मिनिटं गेली. वर गेलो तर अडीच तासांचे 2.30, खाली पन्नास मिनिटांचे 0.50, सगळीकडे तीच गंमत. आणि ही चूक कधीच माझ्या बाजूने होत नाही. मिनिटं दशांशाच्या जागी लिहिली की आकडा लहानच होतो. पहाटे तीनपर्यंत गेल्या दोन वर्षांच्या रांगा तपासल्या. अकरा तास वीस मिनिटं मी फुकट राबलोय. त्यामागच्या सात वर्षांत शिरायची हिंमत झाली नाही.

तर रात्रपाळी, तुमचं अर्धं बरोबर. अर्धंच. तासांसाठी आजपासून टायमर, क्लॉकिफायचा फुकटवाला. बिलं फाईलमध्येच राहणार. क्रमांकांचा तो तमाशा पुन्हा करणार नाही.

रात्रपाळी

अर्धं पुरे. 'हौशी' मागे घेते, कारण हौशी माणूस पहाटे तीनपर्यंत रांगा तपासत नाही. पण अकरा तासांचं बिल पाठवलंत का?

उधारी_बंद

निम्मे तास एकाच क्लायंटचे आहेत. मेल लिहून ठेवलाय.

रात्रपाळी

म्हणजे पाठवला नाही.

उधारी_बंद

'सहज आठवण करतोय' च्या जागी काय लिहावं ते सुचत नाहीये.

जुनाच_खडू

तास लिहूच नका, ठोक रक्कम लिहा.

तासिका

आले परत!