आमच्या गावचा होम पौर्णिमेआधीच कसा लागतो? तेरसे आणि भद्रेच्या शिमग्याविषयी विचारणा

पडवीतला (मूळ गाव गुहागर तालुका, सध्या ठाणे)

नमस्कार. २०२५ च्या शिमग्याला माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे हा प्रश्न विचारत आहे. दिनदर्शिकेत १३ मार्चला होळी छापलेली पाहून मी १२ तारखेच्या रात्री ठाण्याहून निघालो आणि सकाळी थेट होळीच्या माळावर गेलो, तेव्हा होमाची राख केव्हाच निवलेली होती. तिथे भेटलेल्या चुलत्यांनी चिमूटभर राख माझ्या कपाळाला लावली आणि "तेरस विसरलास काय रे?" एवढेच विचारले. वडील असेपर्यंत रजेचे आणि गाडीचे तेच पाहत असत, त्यामुळे तिथीकडे लक्ष देण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

पत्नीचे माहेर चिपळूण तालुक्यात आहे आणि तिथला होम मात्र पौर्णिमेलाच होतो. एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर, हा फरक कशामुळे पडतो? आणि पालखी आपल्या घरी नेमकी कोणत्या दिवशी येणार, हे बाहेरगावी राहणाऱ्याने कसे ठरवावे?

वाशिष्ठीकाठ

आपण विचारलेला फरक पंचांगाच्या चुकीमुळे पडलेला नसून तो गावऱ्हाटीचा, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीचा, आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, शिमग्याची सुरुवात होते. मात्र मोठा होम काही गावे त्रयोदशीला करतात आणि काही पौर्णिमेला. पहिल्याला तेरसे शिमगा म्हणतात, दुसऱ्याला भद्रेचा शिमगा. आपले गाव तेरसेचे आणि सासुरवाडी भद्रेची, एवढाच याचा अर्थ.

भद्रा म्हणजे पंचांगातले विष्टी करण (करण म्हणजे अर्धी तिथी). पौर्णिमेच्या पूर्वार्धात ते दरवर्षी असतेच आणि ते संपल्याशिवाय होलिकादहन करू नये, असा शास्त्राचा संकेत आहे. आपण उल्लेखिलेल्या वर्षाचेच पाहा: १३ मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमारास पौर्णिमा लागली आणि भद्रा संपायला रात्रीचे जवळजवळ साडेअकरा वाजले. त्रयोदशी त्याआधीच, ११ तारखेच्या सकाळी, लागलेली होती. म्हणजे आपण गाडीत बसलात, त्याच्या आदल्या रात्रीच गावात तेरस होती.

या विभागणीचा एक लाभ असा, की तेरसेच्या गावातला माणूस आपला होम आटोपून भद्रेच्या गावी पाहुणा म्हणून जाऊ शकतो. आपल्यासारख्या जावयाने तर दोन्हीकडे हजेरी लावायला हवी!

पालखीचा दिवस मात्र छापील कागदावर शोधू नये. रूपे, म्हणजे देवाचे मुखवटे, लावून पालखी सजली, ग्रामदेवता देवळाबाहेर पडून सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर, बसली, की पुढे कोणती वाडी कोणत्या दिवशी, पहिला मान कोणत्या घराचा, हे गावकर, मानकरी आणि गुरव मिळून ठरवतात. क्रम बहुधा पिढ्यान्‌पिढ्या तोच असतो. सुतक-वृद्धीमुळे एखादे घर मागेपुढे होते, तेवढेच. आमच्या चिपळुणात शेरणे काढण्याचा प्रकारही पालखीबरोबरच असतो: भाविकांनी जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखी नाचत नाचत शोधते आणि जागा सापडली की तिथेच थबकते. काही गावांत यालाच खुणा काढणे म्हणतात.

माहेरवाशीण

वरील माहिती योग्यच आहे; परंतु होम चुकला म्हणजे शिमगा चुकला, असे पडवीतला यांनी मानू नये. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी खरा दिवस पालखी दारात येण्याचा असतो, निदान आमच्या घरात तरी तसेच मानले जाते.

त्या दिवशी पहाटे अंगण शेणाने सारवायचे, रांगोळी घालायची, पाट मांडायचा आणि ओटीचे ताट भरून ठेवायचे: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि अंगणातलीच चार सुरंगीची किंवा अबोलीची फुले. ढोलाचा आवाज खालच्या वाडीतून वर येऊ लागला, की स्वयंपाकघरातली बाई हात पुसत बाहेर येते. पालखीच्या पुढे खेळे, म्हणजे सोंगे घेऊन नाचणारी मंडळी, असतात. काळा पायघोळ वेष, उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगरे बांधलेला संकासूर अंगणात शिरला, की लहान मुले आजीच्या पदरामागे जातात. मग पालखी टेकते, ओटी भरली जाते, नवस फेडले जातात आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले जाते. परदेशी असलेल्या नातवाचे नाव घ्यायचे राहिले, तर आजी गुरवाला थांबवून ते घ्यायला लावते.

एका वर्षी आम्ही कोणीच पोहोचू शकलो नाही. पालखी बंद दारासमोर क्षणभर थांबली, मग शेजारणीने आमच्या नावाने ओटी भरली आणि पालखी पुढे गेली. शेजारणीने हे फोनवर सांगितले, तेव्हा आईला बोलवेना. म्हणून सुचवते, की येणे जमणार नसेल, तर किल्ली आणि ओटीचे सामान कोणाकडे तरी देऊन ठेवावे. (तेवढी ती चकचकीत नायलॉनची साडी देऊ नये. सुती खण पुरतो.)

कुडाळी

आमच्या सिंधुदुर्गात तेरसे आणि भद्रे अशी भाषा नाही, तरी दिवसांचा घोळ इथेही काही कमी नाही. होळी पौर्णिमेला उभी राहते. परंतु त्यापुढचा शिमगा कुठे पाच दिवसांचा, कुठे सात, कुठे अकरा, तर कुठे पंधरा दिवसांचा असतो. त्यामुळे आमच्याकडे "होळी कधी?" असे विचारून भागत नाही, "तुमचो शिमगो किती दिवसांचो?" हेही विचारावे लागते.

आमच्या वाडीत होळीसाठी आंब्याचे सरळ झाड तोडून खांद्यावरून नाचवत मांडावर, म्हणजे होळीच्या ठरलेल्या जागी, आणतात. उत्तरेकडच्या कोकणात पोफळ किंवा सुरमाडही चालतो, असे पाहिले आहे. त्यानंतरच्या दिवसांत सोंगे घेतलेली पोरे "शबय, शबय" करीत दारोदार आणि रस्त्यातही पैसे मागतात, आणि कुडाळजवळच्या नेरूरचे मांडाचे रोंबाट (सोंगांची वाजतगाजत निघणारी मिरवणूक) तर दूरदूरची माणसे पाहायला येतात.

राहिला प्रश्न फाकांचा, म्हणजे शिमग्यात मोठ्याने म्हटल्या जाणाऱ्या आरोळ्यांचा, आणि बोंबांचा, कारण शहरातल्या मंडळींना त्याचाच संकोच वाटतो. लहान मुलांना छळणारी ढुंढा राक्षसी आरडाओरड्याने आणि अर्वाच्य शब्दांनी पळून गेली, अशी कथा पुराणात आहे. तेव्हा ओरडण्यालाही शास्त्राधार आहे, असे आमचे वडीलधारे मिश्कीलपणे सांगतात. त्या आधारावर वर्षभराची भांडणे होमासमोर काढणारे आहेत, त्यांचे काय करावे, हे मात्र शास्त्रात नाही.

पडवीतला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चुलत्यांना फोन करून विचारले. आमच्या घराचा मान वाडीत तिसरा असून पालखी होमानंतर चौथ्या दिवशी येते. म्हणजे त्या वर्षी राख पाहून हिरमुसून मी दुसऱ्याच दिवशी परतलो नसतो, तर पालखी मला घरीच भेटली असती. नव्या दिनदर्शिकेत फाल्गुनाच्या त्रयोदशीभोवती लाल पेनाने गोल केला आहे आणि काकूंकडे मागील दाराची किल्ली पाठवून दिली आहे.